डायवर, गार्ड आणि सांधेवाला मामा

मामाचा माणसांवर भरोसा नव्हता, कारण माणसांचे कान हलत नाहीत. हे तो गंमत म्हणून सांगायचा नाही, खरोखर तसं मानायचा. "बैलाचे कान हालतेत, कुत्र्याचे हालतेत, माह्या डायवरचे तं असे हालतेत का सिंगल पडल्यावानी. माणूस मातर कान ठेवते जागच्या जागी आन पोटात करते भलतंच. त्याचं काय खरं हाय बे?" एवढं बोलून तो समोरच्याच्या कानांकडे टक लावून पाहायचा. नवा माणूस असला तर बिचारा आपले कान चाचपून घ्यायचा.

मामा म्हणजे माझा सख्खा मामा नव्हे. हिंगणघाट स्टेशनवर तो सांधेवाला होता, म्हणजे गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते बघून रूळ जोडून देणारा. मी त्याच स्टेशनावर खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा हमाल. वडनेरचा, दुसरीपर्यंत शाळेत गेलेला. अक्षर माझं आजही दगड मांडल्यासारखं येतं, पण येतं, आणि कोणाकडून लिहवून घेत नाही. आमच्या लोकांत तिथे वडीलधारा तोच होता, म्हणून आम्ही सगळे पोट्टे त्याला मामा म्हणायचो, आणि मामाला जसं तू म्हणतात तसं तूच म्हणायचो. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. कोणी नाव विचारलं की तो म्हणायचा, "नाव इचारून का करतं? काम सांग."

डायवर आणि गार्ड ही त्याची दोन जनावरं. हॅमस्टर. उंदीर म्हटलेलं मामाला खपत नसे. मूठभर अंग, पाठीवर पिकल्या गव्हाचा रंग, पोट पांढरं, डोळे काळ्या मण्यासारखे आणि शेपूट असून नसल्यासारखं. हिंगणघाटात असलं जनावर कोणी पाहिलं नव्हतं. रुळाची देखभाल करणारा एक अँग्लो-इंडियन साहेब होता, लाईनीपलीकडच्या बंगल्यात राहायचा, त्याच्या मुलीची ती. साहेबाचं कुटुंब कायमचं ऑस्ट्रेलियाला निघालं. बोटीवर जनावरं चालत नव्हती. मुलगी पिंजरा सोडेना, गाडी सुटायची वेळ झाली, तेव्हा साहेबानं पिंजरा तिच्या हातून घेतला आणि फलाटावर जो पहिला माणूस दिसला त्याच्या हातात दिला. तो मामा. गाडी हलली तशी मुलगी खिडकीतून रडत ओरडली, "एक साथ नहीं रखना! लड़ते हैं! दिन में सोने देना!"

मामानं हे दोन हुकूम रेल्वेच्या नियमांसारखे पाळले. एक साथ नाही, म्हणून चहाच्या दोन रिकाम्या खोक्यांना आतून पत्रा ठोकून आणि तोंडाला जाळी लावून दोन घरं केली. पत्रा अशासाठी की हे जनावर लाकूड कुरतडून पार होतं. मादी अंगानं मोठी आणि रागीट, तिचं नाव डायवर. नर गरीब, त्याचं नाव गार्ड. का, असं मी विचारलं तर म्हणाला, "डायवर आन गार्ड कधी एका डब्यात बसलेले पाह्यले का? एक म्होरं, एक मांगं, तवा गाडी चालते. बायकोनवऱ्याचंबी तसंच हाय." मामी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मंग झोपा आज बाहेर."

दुसरा हुकूम दिवसा झोपू देण्याचा. मामाचं क्वार्टर रुळाला लागून. तिथे झोप कसली? पण हा गडी मालगाडीच्या डायवरांना फलाटावर गाठून सांगायचा, "शिट्टी जरा हळू मारा ना जी, घरी लेकरं झोपली हायेत." एक बल्लारशाहचा डायवर भला माणूस होता. त्याला वाटलं, या वयात सांधेवाल्याला लेकरं झाली, जुळी झाली. पुढच्या खेपेला त्यानं इंजिन थांबवून बायकोनं शिवलेली दोन झबली आणि दोन टोपडी मामाच्या हातात दिली. मामाला खरं सांगवेना. तो ते गाठोडं घेऊन घरी आला. मामीला लेकरू नव्हतं. तिनं एक टोपडं हातावर पसरून बराच वेळ पाहिलं, नाडी ओढून पाहिली, आणि मग उठून आपल्याच हातानं डायवरच्या खोक्यात सोडलं. डायवरनं सकाळपर्यंत त्याची चिंधी चिंधी करून गोल घरटं केलं. मामी जाळीतून वाकून पाहत होती. म्हणाली, "कामी आलं बापा."

संध्याकाळी ही जनावरं जागी व्हायची आणि मामा त्यांच्यासमोर पाटावर बसायचा. जवारी, तूर, शेंगदाणे, कधी काकडीची फोड. गार्ड मिळेल ते गालात कोंबायचा. गाल खांद्यापर्यंत फुगायचे, तमाखूचा बार भरलेल्या पाटलासारखा दिसायचा, आणि नंतर कुठे ठेवलं ते विसरून जायचा. डायवरचं तसं नाही. तिची जवारी एका कोपऱ्यात, दाणे दुसऱ्या, मुतायची जागा तिसरी. मामीनं खोकं झाडताना काही इकडचं तिकडे केलं तर डायवर सगळं गालात भरून होतं तिथे नेऊन ठेवायची आणि मग मामीकडे पाठ करून बसायची. "रागावली," मामा म्हणायचा. मामी म्हणायची, "रागावू दे. सासू मेली तं ही आली."

मी एकदा म्हणालो, "मामा, आवाज तं काई येत नाई याईचा. मंग बोलतेत कसे?"

"गाडी सिंगलसंग आवाजानं बोलते का बे? पाह्य." मग त्यानं मला शिकवलं. कान उभे आणि मिशा हलत्या, म्हणजे लाईन क्लियर. कान मागे दुमडले, म्हणजे लाल झेंडी. दात कटकट वाजले, म्हणजे इंजिन शिट्टी देऊन राह्यलं, रुळावरून बाजूला हो. गार्डच्या कुशीवर एक काळा ठिपका होता, तो भिंतीला घासत फिरायचा. "ते काय हाय?" "शिक्का मारून राह्यला. हा डबा रिझर्व हाय म्हणते."

मला यातलं काही पटलं नाही. मी हट्टी माणूस. मी म्हणालो, उंदराएवढ्या जनावराला भिऊन राह्यलो तर वडनेरचं पाणी प्यालोच नाही, आणि डायवरच्या खोक्यात हात घातला. तिचे कान मागे गेले. दात वाजले, चांगले ऐकू आले. मी हात तिथेच ठेवला. मग तिनं बोटाच्या पेराला असा चावा घेतला की दात हाडाला लागले. तरी मी हात काढला नाही. रक्त टपटपत होतं, मामी ओरडत होती, आणि डायवर बोटाला लटकली होती. शेवटी तीच कंटाळून सुटली.

"तिनं सांगतलं होतं तुले," मामा म्हणाला. "लाल असतानी गाडी घातली. आता रडू नको."

"रडते कोण?"

मामा माझ्याकडे पाहत राहिला, पहिल्यांदा कान सोडून तोंडाकडे. "हा येडा हाय," तो मामीला म्हणाला, "पण पळणारा नाई. याले जेवू घालत जाय." त्या दिवसापासून माझं रात्रीचं जेवण त्यांच्याकडे. चाव्याची खूण अजून आहे.

त्या साली दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. मामा, मामी, मी, वस्तीतले बहुतेक सगळे. आल्यावर घरातले देव वणा नदीच्या पाण्यात सोडले. देव गेले, पण देव्हाऱ्याची फळी राहिली. चांगली सागवानी, चारी बाजूंनी नक्षी. मामा लाकूड वाया घालवणारा नव्हता. गार्डचं खोकं ओलीनं सडत होतं, त्यानं ती फळी त्याच्याखाली लावली. पुढे जे झालं त्यात मामाची चूक असलीच तर ही एवढी.

हिवाळा त्या वर्षी कडक पडला. एका सकाळी मामीनं खोक्यावर पांघरलेलं पोतं उचललं तर गार्ड गोल होऊन पडलेला. थंडगार. हलवला तर खड्यासारखा, पाय ताठ, श्वास नाही. मामी म्हणाली, "गेला." मी म्हणालो, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात पुरून येतो. मामानं त्याला तळहातावर घेतलं, नाकाशी नेलं, मग रेल्वेच्या लोकरी कोटाची बटणं सोडून सरळ काखेत घातलं आणि कोट बंद केला.

"मेलेला घेऊन ड्युटीवर जातं काय?" मामी म्हणाली.

"मेला हे त्यानं मले सांगतलं नाई अजून."

आणि गेला. डावी काख दाबून, उजव्या हातानं झेंडी. स्टेशनमास्तरनं विचारलं, हात का आखडला? मामा म्हणाला, दुखते जी. ऊन चांगलं वर आलं, पॅसेंजर लागली, मास्तर आणि मामा फलाटावर उभे, आणि मामाचा कोट हलला. आधी काखेत, मग छातीवर, मग गळपट्टीतून गार्डनं नाक बाहेर काढलं. मास्तर दोन पावलं मागे सरला. मामानं मात्र झेंडी हलू दिली नाही. गाडी गेल्यावर म्हणाला, "थंडीनं गाडी यार्डात उभी केली होती त्यानं. इंजिन इझलं नव्हतं." पुढे कळलं की हे जनावर फार गारठलं की असं निपचित होतं, आणि ऊब मिळाली की परततं. मामाला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याला फक्त पुरायची घाई नव्हती.

मास्तरनं घरी जाऊन हे हसत हसत सांगितलं. मास्तरची आई मात्र हसली नाही.

तिला सारं स्टेशन मोठ्या बाई म्हणायचं. फार सोवळ्याच्या. क्वार्टरच्या नळावर आमच्यापैकी कोणी पाणी भरलं की त्या राख घेऊन यायच्या, नळाची तोटी घासायच्या आणि मगच आपला हंडा लावायच्या. वाईटसाईट बोलायच्या नाहीत. पावसाळ्यात दार लावावं तशा सहज घासायच्या. दर तिळी चतुर्थीला त्या केळझरच्या गणपतीला जायच्या. त्या वर्षी गुडघे धरले होते, उठवत नव्हतं. आणि ऐन चतुर्थीच्या तोंडावर कानावर आलं की सांधेवाल्याकडचा सोन्याच्या रंगाचा उंदीर मेला आणि जिवंत झाला.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत त्या मामाच्या अंगणाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. "दाखव रे," म्हणाल्या. मामानं पोतं बाजूला केलं. भर दुपार, गार्ड झोपेतून दचकून उठला, मागच्या दोन पायांवर उभा राहिला, पुढचे दोन्ही पंजे छातीशी जोडले आणि जागच्या जागी थिजला. खाली देव्हाऱ्याची नक्षीची फळी.

"मला जाता येईना, तर वाहन दारी आलं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी लागलं.

झालं. चतुर्थीला अंगण भरलं. कापड मिलमधले, बाजारातले, आसपासच्या खेड्यांतले. जाळीतून दुर्वा पडल्या, जास्वंदी पडली, कोणी काडीनं गार्डच्या डोक्यावर कुंकू लावलं. तो उभा राहायचा, पंजे जोडायचा आणि लोक म्हणायचे, पाहा, नमस्कार करतो. मामा सांगून थकला, "झोपू द्या जी त्याले. उंदीर नाई तो. नमस्कार नाई करत तो." लोक म्हणायचे, तुला काय कळतं.

गंमत अशी की ही माणसं अंगणात यायची पण बाजेवर बसायची नाहीत. उंबऱ्याला शिवायची नाहीत. दोरीवरच्या वाळत्या लुगड्याला वळसा घालून जायची. खोकं तेवढं पवित्र, बाकी घर बाटलेलं. मामी रीतीनं पाणी विचारायची, तर बायका म्हणायच्या, नको गं, उपास आहे. दुसऱ्या दिवशी उपास, तिसऱ्या दिवशी उपास. मामी मला म्हणाली, "याईचे उपास सुटतेत तरी कवा?"

इकडे आमची वस्ती पेटली. संध्याकाळी बुढे येऊन बसले. "देव नदीत सोडले आन वाहन घरात ठेवलं? नागपूरवरून काय घेऊन आला तू?"

"वाहन नाई ते, दादा. हॅमस्टर हाय."

"लोकं कुंकू लावून राह्यले का नाई? तुह्याच दारात? सोडून दे त्याले वणेकाठी."

"सोडला तं दिवस बुडायच्या आत मांजर खाईन."

"मंग दे कोणाले. पण या वस्तीत गणपती नाई बसत आता." त्यांचंही बरोबर होतं. आम्ही आयुष्यभर देवाच्या दाराबाहेर उभं राहून मग ते दार सोडलं होतं, आणि आता ते दारच मामाच्या अंगणात येऊन बसलं होतं. मी म्हणालो, मामा, मी काठी घेऊन उभा राहतो, पाहतो कोण येते. मामा म्हणाला, "काठी घेतली तं तुले नेतीन चौकीत आन ते येतच राह्यतीन. बस खाली."

त्याचं लक्ष बुढ्यांकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. तो गार्डकडे पाहत होता. कोणीतरी जाळीतून पेढा दिला होता आणि त्या येड्यानं सवयीनं तो गालात कोंबला होता. दाणा गालातून परत काढता येतो, पेढा चिकटून बसतो. एक गाल सुजला होता. जवारी समोर तशीच पडलेली. दिवसा लोक झोपू देत नव्हते, आणि संध्याकाळी तो कोपऱ्यात पंजे छातीशी धरून उभा राहायचा, खोक्यासमोर कोणी नसतानाही. अंग थरथरायचं. पलीकडच्या खोक्यात डायवर दात वाजवत येरझारा घालायची.

मामानं काडीला कापूस गुंडाळून कोमट पाण्यात भिजवला. मी गार्डला फडक्यात धरलं, मामानं गालातून थोडा थोडा पेढा काढला. निघाला बहुतेक. पण खाईना. तो दिवस गेला, पुढचाही गेला. हातात घेतला की वजनच लागत नव्हतं. "आता गर्दी झाली तं मरते," मामा म्हणाला. एवढंच. तो असा कधी बोलत नसे.

तेव्हा मामी म्हणाली, "पाहुणा घरी आला तं आधी पाणी. आपली रीत तं तीच हाय. जो पाणी पेईन तो पाहुणा, त्याले दाखवा. जो नाई पेणार तो रस्त्यानं चालला."

मामा उठला आणि माठ उचलून दारातल्या तिवईवर ठेवला, शेजारी पितळी पेला.

दुसऱ्या दिवशी लोक आले. मामा दारात उभा. "पाह्यचं असन तं पाह्या. आधी पाणी प्या. माह्या घरचं, माह्या पेल्यानं." लोक एकमेकांकडे पाहू लागले. एकाला बाजारात काम आठवलं. एकाचा उपास होता. एक जण म्हणाला, पुढच्या खेपेला पितो. मिलमधले दोन-तीन पोट्टे घटाघटा प्याले, हळूच डोकावले, चांगलं वाटलं म्हणाले आणि गेले. दुपारपर्यंत अंगण रिकामं. बुढे लांबून पाहत होते. त्यातला एक येऊन माठातलं पाणी पिऊन गेला.

पुढचं थोडक्यात सांगतो. ही जनावरं फार जगत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात वाळ्याची ओली तट्टी बांधूनही डायवर गेली, आणि पावसाळ्यात गार्ड. मामानं दोघांना वेगवेगळं पुरलं, एक साथ नाही. नंतर त्याची बदली झाली, मीही दुसऱ्या स्टेशनावर गेलो. पुष्कळ शिकलेली माणसं मी त्यानंतर पाहिली. समोरच्याचं बोलणं कानांनी ऐकणारे पुष्कळ, डोळ्यांनी ऐकणारा तो एकच. पण मला जी संध्याकाळ सांगायची आहे ती माठ दारात आला त्यानंतरची.

गर्दी बंद झाली होती, तरी गार्ड खात नव्हता. मामा ड्युटीवरून येऊन तसाच, कोट न काढता, खोक्यासमोर बसलेला. मी बाजूला. दिवे लागायचे होते. आणि काठीचा आवाज आला.

मोठ्या बाई एकट्याच होत्या. त्या आधीही येऊन कुंपणाच्या तारेपलीकडून पाहून जात, आत यायच्या नाहीत. त्या दिवशी आल्या. माठासमोर थांबल्या.

"पाणी दे," म्हणाल्या.

मामी उठली. पेला घासलेलाच होता, तरी तिनं पदरानं पुन्हा पुसला, भरला. मोठ्या बाई वाकल्या आणि त्यांनी ओंजळ पुढे केली, वरून ओतावं म्हणून. मामी ओतायला निघाली होती. सवयच ती.

"ओंजळीनं नाई जी," मामा बसल्या जागेवरून म्हणाला. "पेल्यानं."

मला वाटलं, आता म्हातारी वळते. दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांना वाकून उभं राहवत नव्हतं. मग त्यांनी ओंजळ सोडली, पेला हातात घेतला आणि तोंड लावून प्यायल्या. सगळा. पदरानं तोंड पुसलं. "गार आहे," म्हणाल्या. "कोणत्या विहिरीचं?"

"आपल्या नळाचंच हाय जी," मामी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं.

मामीनं बाज पुढे सरकवली. त्या बसल्या. मामानं पोतं बाजूला केलं.

गार्ड कोपऱ्यात होता. माणूस दिसताच उभा राहिला, पंजे छातीशी. एक गाल अजून सुजलेला. मोठ्या बाईंचे हात आपोआप जोडले गेले.

"हात नका जोडू जी," मामा म्हणाला. "ते पाहून तो आखीन भेते."

"अरे, तोही जोडतोय की."

"तो नमस्कार नाई करून राह्यला. तो म्हणते, मले मारू नका."

"तुला काय ठाऊक, तो काय म्हणतो ते?"

मामा गार्डवरून नजर न काढता म्हणाला, "मले नाई तं कोणाले ठाऊक असन, मोठ्या बाई? मीबी असाच उभा राह्यलो हाय, तुमच्या वट्ट्याखाली. तुमी म्हणत होता, सांधेवाला मोठा गरीब सोभावाचा हाय."

मामी माठाशी तशीच उभी. मोठ्या बाईंचे जोडलेले हात सुटले आणि मांडीवर येऊन पडले, जसे कोणा दुसऱ्याचेच असावेत.

"मग काय करू?" त्या हळू म्हणाल्या.

"काई नका करू. बसा नुसत्या."

त्या बसल्या. आम्ही सगळेच बसलो. एक मालगाडी गेली, डबे संपेचनात, पितळी पेला तिवईवर किणकिणत राहिला. ती गेल्यावर फार शांत झालं. गार्ड उभा होता. मग त्याचा एक कान हलला. मग दुसरा. पंजे सुटले आणि तो चार पायांवर आला. नाक वर करून त्यानं वास घेतला, लुगड्याच्या बाजूनं जाळीपर्यंत आला, थांबला. मोठ्या बाई पापणी लववत नव्हत्या. तो वळला, जवारीपाशी गेला, एक दाणा दोन्ही पंजांत धरला, फिरवून पाहिला आणि गालात घातला. चांगल्या बाजूच्या. मग दुसरा. मग काढून चावू लागला. त्या शांततेत दाणा फुटल्याचा आवाज ऐकू आला.

मामानं कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं, उगाचच.

"आता काय म्हणतो रे?" मोठ्या बाईंनी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

मामा पुढे वाकला, बराच वेळ पाहत राहिला.

"आता काई म्हणून नाई राह्यला जी," तो म्हणाला. "आता तो जेवून राह्यला."